आईच्या फोनवर रात्री अडीच वाजता ‘५०% डेटा संपला’चा मेसेज: खातंय कोण?

रातांबा (१५ ऑक्टोबर, सकाळी ९.१०)

मंडळी, जरा डोकं लावा.

राजापूर तालुक्यात, जैतापूर खाडीच्या अलीकडे आमचं घर. भातकापणीसाठी आठ दिवसांची रजा टाकून पुण्याहून आलोय, पण परतीचा पाऊस काही हलत नाही. त्यामुळे कापणी राहिली बाजूला आणि हातात आलाय आईचा फोन. दसऱ्याला ताईने तिला नवा घेऊन दिला. दिवसाला दीड जीबीचा प्रीपेड प्लॅन आहे. घरात फायबरचं वायफाय आहे, त्यामुळे सिमचा डेटा लागतो तो फक्त देवळात नाहीतर बाजारात गेल्यावर.

काल सकाळी मी ओटीवर चहा पीत होतो. आईने फोन पुढे केला. “हे बघ, मी हातसुद्धा लावला नाही आणि अर्धं संपलं म्हणतायत.” कंपनीचा मेसेज होता: दैनिक डेटापैकी ५०% वापर झाला, १४ ऑक्टोबर, वेळ ०२:३१. रात्री अडीच! आमची आई दहाच्या आत झोपते आणि अप्पा तर नवालाच. मागे जाऊन बघितलं तर ९, ११ आणि १२ तारखेलाही असेच मेसेज, सगळे दोन ते तीनच्या मधले.

त्यात परवा वरच्या पट्टीत एक त्रिकोणी खूण आली, ‘मोबाइल डेटा इशारा, २ जीबी वापरला’. आता दीड जीबीच्या प्लॅनमध्ये दोन जीबी वापरले कसे, आणि बिल येणार का, म्हणून आईला घोर लागलाय. अप्पांचा निकाल लागून गेलाय, “कंपनीवाले लुटतायत.”

हे दोन इशारे एकच का वेगळे? कंपनीचा मेसेज खरा धरायचा का? आणि अडीच वाजता खातंय कोण?

---

चाकरमानी_नं१ (९.३२)

अप्पांशी सहमत. मी फोन खिशात ठेवून लोकलने ऑफिसला पोहोचेपर्यंत ५०% झालेले असतात. मीटर यांचा, वजनकाटा यांचा, आणि तक्रारही यांच्याकडेच करायची.

---

कुळीथपिठी (९.४०)

रातांब्या, माझ्या फोनावर पण असोच मेसेज येता. मी सकाळी उठान बघलंय तर अर्धो सोपलेलो! मगे कळला, झिलान रातचो हॉटस्पॉट लावन लॅपटॉपावर कसलो तरी गेम उतरवलो. घरात झिल आसा काय?

---

रातांबा (९.४४)

झिल म्हणजे मुलगा, तो मीच. आणि रात्री मी घोरत होतो, साक्षीदार आहेत.

---

पाटाचंपाणी (१०.१५)

टेलिकॉममध्ये एकवीस वर्षं काढली, आता गुहागरला नारळी-पोफळी बघतो. जरा लांबड लावतो, चहा घेऊन बसा.

आधी ते दोन इशारे. ते दोन वेगळ्या ठिकाणांहून येतात आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. त्रिकोणवाला इशारा फोन स्वतः देतो. अँड्रॉइडमध्ये ‘डेटा इशारा’ नावाची सोय असते आणि तिथे मूळचाच २ जीबी हा आकडा भरून ठेवलेला असतो. फोन महिन्याच्या ठरलेल्या तारखेपासून बेरीज करत जातो आणि एकूण दोन जीबी झाले की हाक मारतो. तुमचा प्लॅन दिवसाचा आहे की महिन्याचा, त्याला ठाऊकच नसतं. म्हणजे आईंच्या फोनने सांगितलं ते एवढंच, की या चक्रात आजवर सिमवरून मिळून २ जीबी गेले. घाबरायचं कारण नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन तो आकडा वाढवा नाहीतर इशाराच बंद करा.

कंपनीचा मेसेज ही वेगळी गोष्ट. तो मीटर फोनमध्ये नसतो, कंपनीच्या वेशीवर असतो. तुमचा सगळा डेटा त्या वेशीतून आत-बाहेर जातो. तिथे हिशेब ठेवणारी यंत्रणा फोनला दीड जीबी एकदम देत नाही, थोडा थोडा वाटा मंजूर करते. तो संपत आला की वेशीवरचं यंत्र पुढचा वाटा मागतं आणि मागचा किती खर्च झाला ते कळवतं. आमच्याकडे पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी असंच सोडतात, एक आळं भरलं की पुढच्याचं तोंड उघडायचं. कुठल्या आळ्यात किती मुरलं ते पाट उघडणाऱ्याला कळत नाही, आपण किती सोडलं ते मात्र त्याला पक्कं माहीत असतं.

म्हणून कंपनीला ‘किती’ आणि ‘केव्हा’ हे चांगलं कळतं. ‘कोणी’ हे त्या मेसेजात कधीच नसतं, ते फोनलाच विचारावं लागतं. हा हिशेब वाट्यावाट्याने पोहोचतो म्हणून मेसेज कधी ५०वर येतो, कधी ५४वर.

हे मेसेज कंपनीची मेहेरबानी नव्हे. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्यांचे २०१२चे ग्राहक संरक्षण विनियम आहेत, त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. डेटाच्या वापराची माहिती ग्राहकाला देत राहणं तेव्हापासून बंधनकारक आहे. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय इंटरनेट चालू करायचं नाही, हाही नियम त्याच दुरुस्तीतला. इंटरनेट चालू-बंद करायचा १९२५ हा नंबर तेव्हाचाच.

बिलाचं म्हणाल तर, प्रीपेडला दिवसाचा कोटा संपला की पैसे कापत नाहीत, वेग कापतात. बहुतेक कंपन्यांत तो ६४ केबीपीएसवर येतो. रात्री बाराला पाटी पुन्हा कोरी.

---

चाकरमानी_नं१ (१०.३१)

काका, मग फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा जुळत का नाहीत? माझा फोन १.३१ दाखवतो आणि कंपनी म्हणते संपला. ही चोरी नाही तर काय?

---

पाटाचंपाणी (१०.५२)

चोरी म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासा.

एक म्हणजे मोजमाप. काही फोन १००० एमबीचा जीबी धरतात, काही १०२४चा. दुसरं, तुमच्या फोनचा ‘दिवस’ बाराला सुरू होतो का? बऱ्याच फोनांत चक्र महिन्याचं असतं आणि आपण अंदाजाने वजाबाकी करत बसतो. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात: उतरवलेला डेटा मोजतात तसाच चढवलेलाही मोजतात. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ, ढगात (क्लाउडवर) गेलेले फोटो, व्हिडिओ कॉलमधला तुमचा चेहरा, सगळं त्याच दीड जीबीतून जातं. यूट्यूबवर दोन मिनिटं बघून व्हिडिओ बंद केलात, तरी पुढचा जेवढा आधीच येऊन पडला तेवढा खर्च झालेलाच असतो.

थोडा फरक राहतोच. अँड्रॉइड स्वतःच त्या पानावर लिहितो की कंपनीचा हिशेब वेगळा असू शकतो. पण दीडातले पाऊण जीबी असे हवेत जात नाहीत. एवढं खाणारा असला की सापडतो.

रातांबा, आता तुमचं. अडीच वाजता आई यूट्यूब बघत नाहीत हे मान्य. मेसेज नेमके कुठल्या दिवशी आले आणि कुठल्या दिवशी आले नाहीत, ते नीट लिहा. न आलेले दिवस जास्त महत्त्वाचे.

---

खेकडा (११.२०)

मेसेज आल्याची वेळ बघू नका, मेसेजच्या आत लिहिलेली वेळ बघा. अनुभवाचे बोल.

आम्ही हर्णैचे, बोट आहे. ऑगस्टमध्ये पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर पहिल्याच फेरीला पोराने जेटीवर उभं राहून तीन पिक्चर उतरवून घेतले, समुद्रात बघायला. बोट सुटली आणि थोड्या वेळात रेंज गेली. दोन दिवसांनी परत येताना बंदराचा दिवा दिसायला लागला, तसा फोन टुंग टुंग टुंग. ५०, ९०, १०० तिन्ही मेसेज एका दमात. पोरगा म्हणतो, बाबा, फोनला हातही लावला नाही आणि आत्ता सगळं संपलं! आत उघडून वाचलं तर तारीख दोन दिवसांपूर्वीची, जेटीवरची. रेंज नसली की मेसेज कंपनीकडे थांबून राहतो आणि फोन सापडला की येऊन पडतो.

तेवढ्यावरून मी कस्टमर केअरवाल्या पोरीला उगाच झापलं होतं. लाज वाटली नंतर.

---

रातांबा (११.४५)

खेकडासाहेब, तेही बघितलं. आतली वेळच ०२:३१ आहे. बाकीच्यांत ०२:२४, ०२:४०, ०२:२८.

काका, मेसेज आले ९, ११, १२, १४ या तारखांना. १०ला नाही, १३ला नाही, आज १५लाही नाही. ८च्या आधी तर एकही नाही. फोन २ तारखेपासून वापरात आहे.

---

सोनचाफा (१२.०५)

मेसेज खरे आहेत ना, हे आधी बघा. माझ्या सासूबाईंना असाच आला होता, ‘९०% डेटा संपला, १० जीबी मोफत मिळवण्यासाठी इथे दाबा’. खाली लिंक, आणि पाठवणारा साधा दहा आकडी नंबर. त्या दाबणारच होत्या, मी शेजारी बसले होते म्हणून वाचलं.

कंपनीचा मेसेज दहा आकडी नंबरावरून येत नाही, अक्षरांच्या नावाने येतो. २०२५ पासून त्या नावाला शेवटी एक अक्षराचं शेपूटही लागलंय: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी व्यवहाराचा, जी सरकारी. आणि डेटा संपला म्हणून ओटीपी कोणीही मागत नाही. संशय आला तर सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर ‘चक्षू’ या सोयीत कळवता येतं. पैसेच गेले असतील तर १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

---

रातांबा (१२.११)

सोनचाफा, बघितलं. नाव अक्षरीच आहे आणि अ‍ॅपमध्येही तोच आकडा दिसतोय. अर्थात ‘संपत आला’ म्हटल्याबरोबर खाली जादा डेटाच्या पॅकची जाहिरात आहेच. इशारा देतायत का धंदा करतायत, तेच कळत नाही.

---

पाटाचंपाणी (१२.१८)

दोन्ही.

---

चाकरमानी_नं१ (१२.३०)

फाइव्ह-जीचं असेल. आमच्या गावाला सड्यावर उभं राहिलं की फाइव्ह-जी, घरात शिरलं की फोर-जी, माजघरात काहीच नाही. अमर्याद फाइव्ह-जी आहे म्हणून गणपतीत मी बिनधास्त आरतीचं लाइव्ह केलं, आणि मधेच १००%चा मेसेज. जांभ्याच्या भिंतीने फोर-जीवर टाकलं आणि कोट्यातून कापत गेले. अर्ध्या आरतीनंतर लोकांना माझा नुसता गोठलेला चेहरा दिसत होता.

---

पाटाचंपाणी (१२.४४)

चाकरमानी, हे मात्र बरोबर. अमर्याद असतं ते फक्त फाइव्ह-जीवर असेपर्यंत. फोन फोर-जीवर उतरला की रोजचा कोटा सुरू, आणि उतरताना तो कळवत नाही, वरचं चिन्ह तेवढं बदलतं. गणपतीत एवढी माणसं गावात, टॉवर तोच. अशा गर्दीत फोन खाली-वर होत राहतो. पण रातांबाच्या आई रात्री एकाच खाटेवर, फोन एकाच फळीवर. सड्यावर फिरायला जात नसणार.

रातांबा, माझी शंका सांगतो. दोन वाजता नेमाने उठणारा एक गडी मला माहीत आहे. व्हॉट्सअ‍ॅप. चॅटचा बॅकअप, म्हणजे गूगलच्या जागेत ठेवायची प्रत, ते रात्री दोनच्या सुमारास घेतं. पण एरवी तो वायफायवरून जातो, सिमवरून न्यायला वेगळी परवानगी द्यावी लागते. आणि तुमच्याकडे वायफाय आहे. मग मधले दिवस सोडून चारच रात्री का? त्या चार रात्री घरात वेगळं काय होतं?

---

कुळीथपिठी (१२.५०)

कुत्रो भुकलो काय रातचो? तां बघ. (हलके घ्या.)

---

रातांबा (दुपारी ३.०५)

सापडलं!! जेवणही थंड झालं, पण सापडलं.

काकांनी ‘वेगळं काय’ विचारलं तेव्हा मी माजघरात उभा होतो. समोर भिंतीवर अप्पांचं कॅलेंडर. अप्पा त्यावर सगळं लिहितात: दूध किती, गडी कोण आले, पाऊस कसा. ऑक्टोबरच्या पानावर चार चौकोनांत बारीक अक्षरात ‘गडगडाट’ लिहिलेलं. ८, १०, ११, १३.

आधी हिरमुसलो, कारण मेसेज ९, ११, १२, १४चे, एकही तारीख जुळेना. मग ट्यूब पेटली. गडगडाट संध्याकाळचा, मेसेज रात्री अडीचचा. बारा वाजले की तारीख बदलते! ८ची रात्र म्हणजे मेसेजात ९. चारही तंतोतंत.

आता गडगडाटाचा आणि डेटाचा काय संबंध? विजा चमकायला लागल्या की अप्पा टीव्हीची वायर काढतात, पंपाचं बटण बंद करतात आणि वायफायच्या डब्याचा प्लगही उपटतात, तो सकाळी दूध घेऊन आल्यावरच लावतात. मागच्या वर्षी वाडीत एकाचा डबा अडॅप्टरसकट जळला तेव्हापासून हा नेम आहे. मी इथेच होतो, १३ला त्यांना प्लग काढताना डोळ्यांनी पाहिलंही, पण डोक्यात आलं नाही.

वायफाय गेलं की फोन गुपचूप सिमवर जातो, आई डेटा कधी बंद करत नाही. मग व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. ‘सेल्युलर वापरून बॅकअप’, म्हणजे सिमवरून, चालू! ‘व्हिडिओ समाविष्ट करा’ तेही चालू! डोंबिवलीच्या भाच्याला फोन लावला. म्हणतो, “मामा, दसऱ्याला फोन सेट केला ना, तेव्हा लाइट गेली होती, म्हणून मीच ते चालू केलं. आजीचे फोटो जायला नकोत म्हणून.” पोराचा हेतू चांगला होता, काय बोलणार.

पण एका रात्रीत पाऊण जीबीचा बॅकअप होईल एवढं आईकडे असतं काय? ग्रुप मोजले: चौदा. वाडीचा, भजनाचा, माहेरचा, बचतगटाचा, दशावताराचा, ‘शुभ सकाळ’चे तीन. १३ तारखेला आलेले व्हिडिओ मोजले, ५२ निघाले. दिवसभर ते वायफायवर आपोआप उतरतात, फुकट. आणि रात्री तेच ५२ सिमवरून वर चढतात. स्टोरेज आणि डेटामध्ये ‘नेटवर्क वापर’ म्हणून पान आहे, तिथे गूगल स्टोरेजसमोर ‘पाठवले ११.४ जीबी’. तेरा दिवसांत! आईने तो आकडा वाचला आणि म्हणाली, “एवढं मी कोणाला पाठवलं?”

---

पाटाचंपाणी (३.२०)

वा! कॅलेंडरला माझा दंडवत सांगा.

फक्त तो ११.४ हा वायफाय आणि सिम दोन्ही मिळून आहे, सगळा सिमवर धरू नका. सिमवरचा म्हणजे चार रात्रींचा, साधारण तीन जीबी. तुमचा तो २ जीबीवाला त्रिकोण कुठून आला तेही त्यात कळतं.

आणखी एक. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी गूगलच्या जागेत मोजत नसत. २०२४ पासून तो त्या मोफत १५ जीबीतच धरतात. या वेगाने आईंची जागा दिवाळीआधी भरेल आणि मग ईमेल अडकायला लागतील. तेव्हा व्हिडिओ आधी काढा.

---

चाकरमानी_नं१ (३.३४)

पण मुळात अप्पांनी प्लग का काढावा? फायबर म्हणजे काच, काचेतून वीज येत नाही. त्यांना समजावा.

---

खेकडा (३.४१)

काचेतून येत नाही, पण डबा चालतो लाइटवर. ती येते लाइटच्या तारेतून. आमच्याकडे बर्फाच्या पेटीचा मोटर असाच गेला. अप्पा बरोबर आहेत.

---

रातांबा (३.५०)

अप्पांना समजावण्याची हिंमत ज्याच्यात असेल त्याने राजापूरला यावं. राहण्याची, जेवणाची सोय होईल.

मी काय केलं ते लिहून ठेवतो, कोणाला उपयोग होईल. सेल्युलरवरचा बॅकअप बंद. बॅकअपमधून व्हिडिओ काढले, फोटो ठेवले. आईला नातवंडांचे फोटो हवे असतात, ‘शुभ सकाळ’चं कमळ नको असतं. मीडिया आपोआप उतरण्याच्या यादीत मोबाइल डेटाखालचं सगळं काढलं, वायफायखाली फक्त फोटो. प्ले स्टोअरचे अपडेट ‘फक्त वायफाय’वर. गूगल फोटोजमध्ये मोबाइल डेटाने बॅकअप सुदैवाने आधीच बंद होता, भाच्याचा हात तिथवर पोहोचला नव्हता. फोनचा २ जीबीचा इशारा मी बंद नाही केला, २०वर नेऊन ठेवला. कधी वाजलाच तर काहीतरी नवीन आहे हे कळेल.

---

सोनचाफा (४.१०)

दोन सिम असतील तर एक बघा. ‘आपोआप डेटा बदल’ अशी एक सोय असते, एका सिमची रेंज पडली की फोन दुसऱ्याचा डेटा घेतो. आम्ही वेंगुर्ल्यात राहतो, यांच्या फोनात एक सिम मुंबईचं. ते आम्ही फक्त बँकेच्या ओटीपीसाठी ठेवलेलं. त्यावर डेटाचा मेसेज आला तेव्हा मला वाटलं सिम चोरीला गेलं. सिम खिशातच होतं.

---

कुळीथपिठी (४.२५)

माका एक सांगा काका. खरंच कंपनीची चूक असली तर खंय जावचा? तां कोण सांगत नाय.

---

पाटाचंपाणी (४.४८)

तक्रारीसाठी १९८ लावायचा, त्याला पैसे लागत नाहीत. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, मेसेजने येतो, जपून ठेवा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. प्रीपेडवाल्यालाही मागच्या सहा महिन्यांतला तपशीलवार हिशेब मागता येतो आणि त्यासाठी ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. फारसं कोणी मागत नाही, म्हणून काउंटरवरच्या पोरालाही माहीत नसतं. तो ‘असं काही नसतं’ म्हणाला तरी नेटाने मागा.

जाण्याआधी रातांबासारखी तयारी ठेवा: तारखा, मेसेजमधल्या वेळा, फोनच्या अ‍ॅपवार यादीचा स्क्रीनशॉट. मी पलीकडच्या खुर्चीत बसलेला माणूस आहे. ‘तुम्ही लुटता’ म्हणणाऱ्याला आम्ही माफीचा छापील मजकूर वाचून दाखवायचो. ‘अमुक दिवशी दोन ते तीनच्या मध्ये ७६० एमबी, फोन सांगतो ४’ असं म्हणणाऱ्याचा फोन मात्र वरच्या साहेबाकडे जायचा.

---

चाकरमानी_नं१ (५.०२)

काका, माझे लोकलमधले ५०% शोधले. रील्स. मीच बघत होतो.

---

खेकडा (५.०६)

😄

---

कुळीथपिठी (५.३०)

आमचा देवगडाक आंब्याचा काम. एप्रिलात गिऱ्हाइकांका पेटयेचे फोटो पाठवून पाठवून दुपारीच १०० टक्के होता. त्या ६४मदी एक फोटो जावक किती वेळ लागतलो? आणि पैसे येतले काय फोनावर?

---

पाटाचंपाणी (५.५२)

६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. व्हॉट्सअ‍ॅपचा साधा फोटो दोनशे किलोबाइटच्या आसपास धरा, पंचवीस सेकंद झाले. एचडीवर ठेवलात तर एमबीच्या घरात जातो आणि दोन मिनिटं नुसतं गोल फिरत राहतं. तेव्हा सीझनला एचडी काढून टाका, आंब्याचा रंग साध्या फोटोतही कळतो. व्हिडिओचा तर विचारच नको.

पैशांचं, यूपीआयला डेटा फारच कमी लागतो, बहुतेक वेळा होऊन जातं. अडलंच तर *९९# डायल करा, त्याला इंटरनेट लागतच नाही. बँकेशी नंबर जोडलेला हवा. पैसे आले का, हे गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर न मानता तिथेच शिल्लक बघून मगच पेटी उचलू द्या.

---

कुळीथपिठी (६.०१)

स्क्रीनशॉटाचा खरा बोललास. एकदा तीन पेटये गेले माझे. तां वायला, तेचो धागो वेगळो काढूक व्हयो.

---

रातांबा (१७ ऑक्टोबर, सकाळी ७.२५)

अपडेट. काल संध्याकाळी पुन्हा गडगडाट. अप्पांनी प्लग काढला, कॅलेंडरवर लिहिलं. मी मुद्दाम आईच्या फोनचा आवाज मोठा करून झोपलो. रात्री काही वाजलं नाही.

सकाळी सहाला वाजलं. ५०%! मी ताडकन उठलो. बघतो तर आई चुलीपुढे बसलेली, फोन नारळाच्या करवंटीला टेकवून ठेवलेला आणि त्यावर दशावतार रंगात आलेला. रात्री लागलेलं नाटक पाच वाजल्यापासून बघतेय. अप्पा अजून दुधाला गेलेत, प्लग लागायचाय.

“अगं, हे सिमवर चाललंय!”

“मग? मीच बघतेय ना या वेळी,” आई म्हणाली, आणि आवाज आणखी एक घर वाढवला.